लवंगेच्या झाडामागं

३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांचा आवाज आठवेना.

सकाळी चहा गाळताना सहज आठवायला गेले — आणि नाही! चेहरा आहे. टकलावरचा तीळ आहे. चपला फरपटत जिना चढायचे, ते आहे. आवाज तेवढा गेला. गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. सूनबाई म्हणाली, "आई, चहा गाळताय की ध्यान लावलंय?" मी म्हटलं, "तू उकळलेला चहा आहे, देवाचं नाव घेऊनच प्यावा लागतो." ती हसली, मी हसले. मग न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

तसा ह्यांचा आवाज घरात होताच किती म्हणा! दिवसभर बेटावर प्रवाशांना माहिती सांगायची — गाइड ना! सकाळच्या लाँचनं मंडळी न्यायची, जुनं गाव दाखवायचं, मसाल्याच्या बागा दाखवायच्या, संध्याकाळच्या लाँचनं परत. घरी आले की घसा बसलेला. सगळं हातानं. भांड्याकडे हात — वाढ. दिव्याकडे हात — बंद कर. मी म्हणायची, "अहो, परक्या लोकांना राजाराणीच्या गोष्टी, आणि मला नुसत्या खुणा?" त्यावरही खूणच. गप्प बस म्हणून.

पुढे घशाचंच दुखणं झालं. आधी आवाज गेला, मग हे गेले. अगदी शेवटी ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला. म्हटलं, आता काहीतरी माझ्यासाठी. तर म्हणाले, "लाँच सुटली का?"

सुटली हो. सुटली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पोपट येऊन गेला.

पोपट म्हणजे ह्यांचा पुतण्या. नाव चांगलं आहे त्याचं, पण मी पोपटच म्हणते. ह्यांच्या हाताखाली शिकला, ह्यांच्याच जागी लागला. काकांनी जे सांगितलं ते घोकून पाठ. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी पाठांतर चालूच!

साखर मागायला म्हणून सहज बोलला, "आता मंडळी, जरा डावीकडे बघा," — डबा डावीकडे होता — आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. 'मंडळी' मधला तो 'मं' लांबवणं. मंऽऽडळी! अस्से म्हणायचे हे. आवाज परत आला, पुरता नाही, पण दाराशी आल्यासारखा.

मी म्हटलं, "परत म्हण."

"काय काकू?"

"जे म्हणालास ते. मंडळी."

त्यानं म्हटलं. मी परत म्हणायला लावलं. शेवटी बिचारा घाबरला. "काकू, बरं वाटत नाहीये का?"

म्हटलं, "मला ने एकदा लाँचवर. सगळं ऐकायचंय. पहिल्यापासून."

तर काय म्हणावं त्यानं! "पण काकू, तुम्हाला लाँच लागते ना? काका म्हणायचे."

मला लाँच लागते हे ह्यांनी कुठून काढलं कोण जाणे. मी लाँचमध्ये उभ्या जन्मात बसलेली नाही. दरवेळी म्हणायची, "मलाही न्या की हो बेटावर." की ह्यांचं ठरलेलं — "तुला मळमळेल." घरच्या माणसाला काय फिरवायचं, असं असेल. मिठाईवाल्याच्या पोरांना कुठं मिठाई मिळते!

६ नोव्हेंबर, बुधवार

मुलाला सांगितलं, बेट बघायला जाते. म्हणाला, "कशाला?" आणि जेवत राहिला. बापाचाच मुलगा. ह्याचा तर घसाही चांगला आहे, तरी हे असं.

सूनबाई म्हणाली, "जाऊ द्या हो त्यांना. आई, येताना लवंगा आणा. या घरात एक लवंग सापडायची नाही, आणि सासरे म्हणे मसाल्याच्या बागेतले!"

खरंच आहे. मिरी चालायची, दालचिनी चालायची. लवंग आणली की ह्यांचं तोंड फिरायचं. दिवसभर तोच वास, घरी तरी नको — असं मीच समजून घेतलं होतं. ह्यांचं सगळं मीच समजून घ्यायची. सांगतंय कोण!

७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या जाते. झोप नाही.

एवढी वर्षं हा माणूस दिवसभर बोलत होता. एवढ्या बोलण्यात माझ्यावर एखादं वाक्य असेल का? एकच. चांगलंच पाहिजे असं नाही. 'आमची बायको भाजी करपवते' — एवढं असलं तरी चालेल. हसू देत लोक.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मला कळलं की मी मेलेली आहे!

नीट लिहिते. अक्षर वाकडं येतंय. हसून की कशानं, तेही नीट सांगता येत नाही.

लाँचमध्ये मागच्या बाकावर बसले. समुद्र खवळलेला. एक धिप्पाड गृहस्थ पिशवीत तोंड घालून बसले, त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, तिचंही तोंड पांढरं. मी शेंगदाणे खात होते! गृहस्थांना विचारलं, "खाणार का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास.

पोपटानं भोंगा हातात घेतला आणि सुरू. मी डोळे मिटले. अगदी हेच! तेच थांबणं, तोच 'मं' लांबवणं, विनोदाआधी नाक ओढणं. पोपटाला सर्दी नाही काही नाही, पण काका नाक ओढायचे म्हणून हाही ओढतो! उतरल्यावर जुनी जकातीची कचेरी. मग तट. मग दगडी कैदखाना, तिथं भिंतीला जाड कड्या आहेत. "मंडळी, इथं आत यायला पैसे पडत नाहीत, पूर्वी बाहेर जायला पडायचे." लोक हसले. मी एकटी रडत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कैद्यांचं वाईट वाटतं ना हो?" म्हटलं, "फार!"

गल्ल्या अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली की एकानं दारात शिरायचं. दारं मात्र बघावीत! नक्षी, पितळेचे खिळे. एकेका दाराची गोष्ट. एका व्यापाऱ्याची, एका खलाशाची, हत्ती पाहिला नाही अशा गावात दाराला हत्तीचे खिळे का, ह्याची. मी प्रत्येक गोष्टीत कान टवकारून. आता माझं येईल. आता येईल. नाही. हत्ती आले, मी नाही.

मग उघड्या गाडीतून बागेत. पोपट पानं चुरगाळून नाकाशी धरतो, लोकांनी ओळखायचं. लोक काहीच्या बाही सांगतात. जायफळ फोडून आतली लाल जाळी दाखवली. मिरीचा वेल. व्हॅनिला. सगळ्यात शेवटी उंच जुनं झाड — दुमजली घराएवढं — आणि तिथं पोपटाचा आवाज एकदम खाली आला. लोक जवळ सरकले. म्हणाला —

"मंडळी, या झाडाला हात लावा. हळू. हे लवंगेचं झाड माझ्या बायकोनं लावलं. लवंग म्हणजे न उमललेली कळी. उमलली की वाया गेली, म्हणून आधीच खुडायची. माझी बायको डाव्या हातानं खुडायची आणि खुडताना गाणं म्हणायची. पाण्याला फार भ्यायची, लाँचमध्ये पाय ठेवला की कासावीस व्हायची. या झाडाची पहिली कळी बघायला ती राहिली नाही. मी अजून रोज येतो."

मग गप्प. खोडावर हात. घसा खाकरला. मग, "आता वास घ्या."

लोकांचे डोळे पाण्यानं भरले! धिप्पाड गृहस्थांनीसुद्धा चष्मा पुसला. आणि मी बघतेय — अरे, याची बायको सकाळीच धक्क्यावर मला भेटली, ठणठणीत, पोट पुढे काढून, सातव्या महिन्यातली!

बाजूला ओढला त्याला. "अरे मेल्या, बायको गरोदर आणि तू तिला मारलीस?"

तोंड एवढंसं झालं. "काकू, ते माझं नाहीये... काकांचं आहे. काका म्हणाले होते, बाकी काय वाटेल ते बदल, या झाडाशी एक शब्द बदलायचा नाही."

"म्हणजे 'माझी बायको' म्हणायचे ते काका?"

"हो."

"आणि त्यांची बायको कोण?"

पोपट जमिनीकडे बघायला लागला.

"मी ना रे? मग मी मेले?"

"काकू, लोकांना आवडतं म्हणून असेल. बायका तर रडतातच."

मी एवढी हसले, एवढी हसले की खाली बसावं लागलं. त्याच झाडाला टेकून. माझ्याच!

९ नोव्हेंबर, शनिवार

राग आला आज. दिवसभर भांडी आपटली.

रोज माझ्या हातचं जेवून जायचे आणि तिकडे मला मारायचे! आणि परत संध्याकाळी माझ्याकडेच जेवायला! मेलेल्या बाईच्या हातचं कसं गोड लागायचं?

आणि काय काय खोटं! डाव्या हातानं खुडायची म्हणे. माझा डावा हात भांड्याचा कान धरण्यापुरताच. पाण्याला भ्यायची! मी लहानपणी नदीत म्हशींबरोबर पोहलेली. आणि गाणं? मी गायला लागले की ह्यांनी खिडकी लावलेली आहे.

सूनबाईला सांगितलं सगळं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण आई, किती प्रेमानं मारलंय तुम्हाला."

१० नोव्हेंबर, रविवार

सूनबाईचं वाक्य डोक्यातून जात नाही.

हाताचं सांगितलं. गाण्याचं सांगितलं. मी अजून रोज येतो, असं सांगितलं. समोर कधी धड बोलता आलं नाही या माणसाला, म्हणून मला मारून बोलायला लागलं असेल. जिवंत बायकोचं कौतुक कोण करतं? लोक हसतील. मेलेलीचं करता येतं. झाडही कुठलं तरी जुनं बघून माझ्या नावावर खपवलं. बाकीचं काय, थापा मारायचीच नोकरी. गाता न येणाऱ्या बाईला गायला लावलं — माझी लाजच राखली म्हणा ना!

तेवढंच मिळालं मला. मेल्यावर का होईना.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परत गेले. पोपटानं फुकट नेलं.

'माझी बायको' आलं तेव्हा मी डोळे मिटले. मला दुसरं काही नको होतं, त्या ओळी हव्या होत्या. तो गप्प झाला, घसा खाकरला. नंतर विचारलं, "तो खाकरा कशाला रे?" म्हणाला, "काका रोज तिथं खाकरायचे. मनात दहा मोजायचे, मग खाकरायचं, मग वास." सगळं बसवलेलं आहे त्याचं.

लोक मसाल्याची पाकिटं विकत घेत होते तोवर बागेत फिरले. शेडसमोर एक म्हातारी चटईवर लवंगा वाळत घालते. सगळे तिला लवंगवाली म्हणतात. कुणाशी बोलत नाही. पोपट म्हणाला, जन्म या बागेतच गेला तिचा. मी आपली जाऊन बसले शेजारी. तिनं चहा पुढे केला, डाव्या हातानं. मी म्हटलं, "उजवा काय भाड्यानं दिलाय का?" नाही हसली. मी म्हटलं, "मी गाइडबाबांची बायको. तीच, मेलेली!" तरी नाही हसली. लवंगा पसरता पसरता हात थांबला तेवढा.

मग म्हणाली, "त्यानं तुम्हाला कधीच आणलं नाही इकडे."

"मळमळेल म्हणायचे."

"काही सांगितलंही नाही?"

"सांगायचे की! भाजीत मीठ कमी आहे, हे रोज सांगायचे. खुणेनं."

तिनं माझ्याकडे बघितलं. असं, की आपण रडणाऱ्या लेकराकडे बघतो ना, तसं. मग परत लवंगा. खडूस बाई! पण चहा चांगला होता.

घरी लवंगा आणल्या. सूनबाईनं डब्यात भरल्या. झाकण लावलं तरी वास येतो. मुलानं जेवताना नाक वर केलं. म्हणाला, "बाबा आल्यासारखं वाटलं." एवढं लांब वाक्य हे पोरगं यावर्षी पहिल्यांदाच बोललं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. अंगणात ऊन. दोरीवर कपडे. ह्यांचा एक सदरा अजून मीच धुऊन वाळत घालते. घालतं कुणी नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कमाल केली!

तिसऱ्यांदा गेले होते. झाडाशी पोपट सुरू झाला आणि मला काय झालं कोण जाणे. लोकांचे चेहरे बघत होते मी. सगळे माझ्यासाठी दुःखी! मी मागं तिथंच उभी, धडधाकट, हातात शेंगदाण्यांची पुडी. एक बाई तर हुंदका द्यायच्या बेतात. म्हटलं, का रडवायचं बिचाऱ्यांना? गोल वळसा घालून झाडामागून पुढे आले आणि म्हटलं —

"गेले होते, पण चहा प्यायला आले परत!"

मग जो हशा पिकला! हुंदकेवाल्या बाईंनी मला मिठीच मारली. पोपट आधी पांढरा, मग लाल. मग त्यानंही सांगून टाकलं — "मंडळी, या आमच्या काकू. काकांनी यांना रोज मारलं, या रोज जिवंत!" फोटो काढले माझ्याबरोबर. झाडाबरोबर.

परतताना पोपट म्हणाला, "काकू, काकांचा शब्द मोडला मी."

म्हटलं, "मेलेल्या बायकोची परवानगी आहे. अजून कुणाची पाहिजे?"

१८ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी शनिवारीच बोलावलं. लाँच कंपनीचे साहेब, पांढऱ्या बुटांचे. म्हणाले, "आजी, रोज याल का? लोकांना फार आवडतंय." मी म्हटलं, "मरायला रोज यायचं? बघते, वेळ मिळाला तर." वेळाशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय!

तर आता मी कामावर. सकाळी डबा घेऊन धक्क्यावर. ह्यांच्यासारखी. पोपटाची बायको म्हणते, "काकू, माझा जीव वाचवलात, नाहीतर रोज मीच मरत होते."

वाक्यं थोडी बदलली आहेत. पोपट म्हणतो, "आमच्या काकांची बायको डाव्या हातानं खुडायची आणि गाणं म्हणायची." तेवढ्यावर मी झाडामागून गाते. माझं गाणं! कावळे उडतात. लोक लोळायचे बाकी राहतात. मग "पहिली कळी बघायला ती राहिली नाही..." की मी बाहेर. हातात सोट्यासारखी काठी. "कोण म्हणतं राहिली नाही?"

लोक इतके हसतात. मीही हसते. लाँचमध्ये परतताना मात्र एकदम रिकामं वाटतं. सगळे झोपलेले असतात. पाणी काळं. मी ती वाक्यं मनात म्हणत येते — आधीची, न बदललेली. हसू काढून टाकलं की अजून तशीच आहेत का, बघायला.

२० नोव्हेंबर, बुधवार

लवंगवालीनं आज चहा दिला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. शेडपाशी जाऊन म्हटलं, "काय हो, माझं गाणं एवढं वाईट का?" ती म्हणाली, "तुमचा दोष नाही." कसला दोष? विचारलं तर चटई उचलून आत गेली. ऊन चांगलं असताना लवंगा आत नेल्या!

काही माणसांना दुसऱ्याचं हसणं बघवत नाही. मी ओळखते अशी माणसं. एकाबरोबर संसार केलाय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज लाँच नव्हती. इंजिन दुरुस्तीला. दुरुस्ती मुलाच्याच गॅरेजकडे आलीये. त्याला डबा द्यायला गेले. तेलानं माखलेला, लाँचच्या पोटात वाकून बसला होता. विचारलं, "तुला बाबांनी कधी नेलं होतं रे बेटावर?"

"नाही."

"मागायचास?"

"मागायचो. म्हणायचे, पुढच्या वर्षी." पाना फिरवत राहिला. मग म्हणाला, "एकदा चोरून गेलो होतो. शाळा बुडवून. बाबा एका झाडाशी उभे होते. एकटेच. लोक पुढे गेले होते. मी हाक मारली नाही. परत आलो."

"का रे हाक मारली नाहीस?"

"काय माहीत. आपले बाबा नाहीत असं वाटलं."

डबा दिला. त्याच्या गालाचं तेल पुसलं. चाळिशी आलेला माणूस, पण पुसू दिलं.

घरी आले. सूनबाईनं चहात लवंग टाकली होती. पहिला घोट घेतला आणि ठेवून दिला. वासानं पोटात कसंतरी झालं. लाँचमध्ये नाही, घरात! "तुला मळमळेल" — झालं एकदाचं ह्यांच्या मनासारखं!

आवाज पुन्हा आठवत नाहीये. पोपटाचाच आठवतो. ह्यांचा म्हणून जो धरला होता तो पोपटाचाच निघाला. आता ती वाक्यं तेवढी राहिली. लावलं. खुडायची. म्हणायची. रोज येतो. एवढ्यावर उरलेले दिवस काढायचे. काढीन. कमी आहे, पण माझं आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

झाडामागं उभी होते. काठी हातात. पोपट पलीकडे सुरू झाला होता. तेवढ्यात लवंगवालीनं मागून येऊन माझा हात धरला. डाव्या हातानं, घट्ट. "आता पुरे, बाई," म्हणाली. "ती माझी धाकटी बहीण होती. तुमच्या आधीची त्याची बायको."

पलीकडे पोपटानं म्हटलं, "पहिली कळी बघायला ती राहिली नाही..." आणि थांबला. लोक हसायच्या तयारीत. त्यानं परत म्हटलं. परत थांबला. घसा खाकरला.

मी बाहेर आले नाही.